काळ्या गळ्याचं पाखरू

लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा मला वाटलं होतं, फोटोवाल्याची बायको म्हणजे रोज नटूनथटून खुर्चीत बसायचं नि फोटो काढून घ्यायचे. कसचं काय! उभ्या जन्मात माझे फोटो निघाले दोन, आणि त्यातल्या एकात माझे डोळे मिटलेले.

आमचं दुकान साखर पेठेत होतं. खाली आम्ही दोघं राहायचो आणि माडीवर फोटो निघायचे. माडीच्या उत्तरेकडच्या छपराला पत्र्याऐवजी काचा बसवल्या होत्या, कारण सगळं काम दिवसाच्या उजेडावर. त्या काचांखाली खिडकीशी एक उतरतं टेबल होतं. ते माझं. एकोणीसशे तीसच्या मागेपुढे आमच्या पेठेत बाईमाणसाला स्वतःचं म्हणण्यासारखं चुलीशिवाय काय असायचं? मला टेबल होतं. यांनी फोटो काढायचा आणि मी त्याला ‘टचिंग’ करायचं.

तेव्हा फोटो काचेवर उतरायचा आणि तोही उलटा. काळं असेल ते काचेवर मोकळं, पांढरं असेल ते काळंकुट्ट. त्या काचेवर बारीक टोकाची शिसपेन्सिल फिरवली की कागदावर तेवढी जागा उजळायची, आणि चाकूच्या अणीने वरचा थर किंचित खरवडला की तेवढी जागा काळी व्हायची. देवीचे व्रण, डोळ्यांखालचे खड्डे, घामाने चमकलेलं कपाळ, सगळ्यांचा बंदोबस्त माझ्याकडे. पहिल्या वर्षी माझं डोकं भणभणायचं. शिसं लावलं की पांढरं, खरवडलं की काळं! पण एकदा हात बसला आणि मग तो आपोआप चालायला लागला. डोकं भाजीचा विचार करतंय आणि हात कुणाचं तरी कपाळ पुसतोय, अशी माझी गत झाली.

त्या आपोआप चालणाऱ्या हातानेच एकदा घोटाळा केला. एका अडत्याच्या हनुवटीवर वाटाण्याएवढा तीळ होता. मी तो पुसून टाकला. मला वाटलं, शेटजी खूश होतील. शेटजी फोटो घेऊन तरातरा जिना चढून आले. “अहो, ती माझी लक्ष्मी आहे! तीळ आला त्या साली दुकान उभं राहिलं!” यांनी हात जोडले, फोटो नव्याने करून दिला. मला काही बोलले नाहीत, पण तो तीळ यांच्या मनात राहिला तो राहिलाच.

आता मास्तरांचं सांगते. ते शाळेत भूगोल शिकवायचे. एकटेच होते, उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात कायम दुर्बीण. रविवारी लोक देवळात जातात तसे हे गावाबाहेरच्या माळावर जायचे पाखरं बघायला. पोरं त्यांना मागे काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. यांची नि मास्तरांची दोस्ती. दोघं चहा पीत बसले की मी टेबलाशी काम करता करता ऐकायची.

पाखरं बघणं म्हणजे मला वाटायचं मोर, पोपट, फार तर नीलकंठ. मास्तरांना त्यांच्यात रसच नव्हता. त्यांना हवी असायची ती मातीच्या रंगाची, सगळी एकसारखी दिसणारी, पायाखाली येईस्तोवर न हलणारी. “हा लावा, ही बटेर, आणि हे तिसरंच,” असं म्हणून ते कागदावर तीन पाखरं काढायचे. मला तिन्ही एकाच आईची वाटायची.

“ओळखायचं कसं पण?” मी एकदा न राहवून विचारलं.

“या तिसऱ्याला पायाला मागचं बोट नसतं, वहिनी.”

“गवतातून पळणाऱ्या पाखराची बोटं मोजायची? इथे चाळणीतल्या अळ्या दिसेनात मला!”

मास्तर हसले नाहीत. त्या तिसऱ्या पाखराने त्यांची झोप उडवली होती. त्यांनी मुंबईच्या कुणा जाणकारांना कळवलं होतं की असं पाखरू आमच्या माळावर घरटं करतं. त्यांचं उत्तर आलं की तुमची लाव्याशी गफलत होते आहे, पाखरू मारून कातडं पाठवा, नाहीतर स्वच्छ फोटो पाठवा. मास्तर माळकरी. मुंगी चिरडली तरी हळहळणारे. ते कसलं कातडं पाठवतात! त्यांनी यांना गळ घातली, आणि यांनी आयुष्यात पहिल्यांदा बसायला खुर्ची न देता फोटो काढायचं कबूल केलं.

भाद्रपद होता. अक्कलकोटच्या रस्त्याने टांगा करून आम्ही तिघं पहाटे निघालो. मी का, तर भाकरी बांधून द्यायच्याऐवजी भाकरीबरोबर मीच जाते असा हट्ट धरला म्हणून. माळावर कुसळी गवत गुडघाभर झालेलं. एका ठोंबाखाली मास्तरांनी गवत हळूच बाजूला केलं आणि दाखवलं: वाटीएवढा खळगा, त्यात ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी. बोराएवढी म्हणा ना. मला एकदम भरून आलं. एवढ्या उघड्या माळावर, मेंढरांच्या खुरांत, हे असं ठेवून कोण जातं हो?

यांनी आदल्या दिवशीच तिथे एक खोटी पेटी घोंगडीने झाकून ठेवली होती, पाखराची भीड चेपावी म्हणून. आता तिच्या जागी खरा कॅमेरा ठेवला, वर काट्या टाकल्या आणि लांबलचक रबरी नळी काढून आम्ही बाभळीमागे जाऊन बसलो. नळीच्या टोकाला फुगा. तो दाबला की तिकडे कॅमेऱ्याचा डोळा उघडून मिटायचा. एकच काच भरलेली होती. दुसरी भरायला गेलं असतं तर पाखरू उडालं असतं.

बसलो. ऊन चढलं. कुठूनतरी घरघर ऐकू यायला लागली, लांबच्या घरात कुणी जातं फिरवतंय अशी. मी म्हटलं, “इथे माळावर कोण दळतंय?” मास्तरांनी ओठावर बोट ठेवलं. मग कानाशी येऊन म्हणाले, “तो नर. काळ्या गळ्याचा. असाच घुमतो आणि दुसऱ्या नराशी भांडतो. परवा पाहिला मी. मादी फिकी असेल, नि आता येऊन अंड्यांवर बसेल ती.”

आणि आलं पाखरू. पण नेमकं त्या वेळी माझ्या लुगड्यात कुसळं शिरली होती नि मी ती वेचत होते! मान वर केली तोवर गवत हललेलं दिसलं फक्त. यांनी फुगा दाबला. सुळकन काहीतरी पळालं. मास्तरांच्या दुर्बिणीच्या मध्ये बाभळीची फांदी आली होती. म्हणजे तीन माणसं, सहा डोळे, एक दुर्बीण, आणि पाखरू पाहिलं एकट्या कॅमेऱ्याने.

घरी येऊन यांनी काच धुतली आणि वाळल्यावर माझ्याकडे दिली. पाखरू अंगठ्याच्या नखाएवढं. त्याच्या मानेजवळून गवताची एक काडी गेली होती, उन्हाने झळकलेली. डोळ्यांना खुपत होती. ती काडी मी चाकूने उतरवली. टाचणीच्या टोकाएवढी दोन बारीक भोकं होती, ती शिसाने बुजवली. मला हे आठवतं. नाही, खरं सांगायचं तर मला काडी आठवते. बाकीचं त्या दिवशी हाताने केलं. खाली दूध ठेवलं होतं, ते उतू जाईल ही धास्ती डोक्यात होती.

मग आठवडाभर आभाळ भरून राहिलं. फोटोचा कागद उन्हात ठेवून छापायचा, ऊनच नाही तर छापणार कशावर? त्या आठवड्यात मास्तर रोज माळावर जाऊन लांबून दुर्बीण लावून बसायचे. चेहरा फुललेला. “बसली आहे हो माय. अगदी हलत नाही. गळा ताकाच्या रंगाचा, फिका.” पुढल्या आठवड्यात गेले तर पिल्लं निघून चालतीसुद्धा झाली होती. घरट्यात नुसती टरफलं.

ऊन पडलं आणि यांनी फोटो छापला. मी खाली धुणं वाळत घालत होते. वरून हाक आली, “जरा वर ये.” आवाज मला आवडला नाही.

फोटो झकास आला होता. अंड्यांवर पाखरू, पिसन्‌पीस दिसत होतं. मास्तर खुर्चीत बसले होते आणि फोटो हातात धरून त्यांचा चेहरा उतरला होता. पाखराचा गळा काळा होता. काळा म्हणजे शाई सांडावी तसा, हनुवटीपासून छातीपर्यंत.

“नर अंड्यांवर बसेल का, वहिनी?” मास्तर म्हणाले.

मला काय ठाऊक! मी यांच्याकडे बघितलं. हे भिंगातून काच बघत होते. आधी यांनी काचेलाच दोष देऊन पाहिला. आमच्या काचा लाल रंगाला काळा करायच्या. मागे एका तेलुगू साळ्यांच्या पोरीचं लग्नातलं लालभडक लुगडं फोटोत काळं आलं होतं, नि तिची आई दुकानात येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली होती. हे म्हणाले, “गळा तांबडा असेल, मास्तर. तांबडा असला की काळा येतो.”

“मी आठवडाभर पाहिलाय. ताकासारखा आहे.”

यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “इथे खरवडलंय,” ते म्हणाले. होतंच. काडी उतरवली होती ना मी! गळ्याच्या शेजारी थर खडबडीत दिसत होता. पण तो गळ्यात किती गेलाय, गेलाय की नाही, काही केल्या कळेना. भिंग जरा हललं की वाटायचं गेलाय, पुन्हा हललं की वाटायचं नाही.

“चाकू घसरला तुझा. सावरायला म्हणून तू सगळा गळाच सारखा करून टाकलास.”

“मी काडी काढली फक्त.”

“तीळही ‘फक्त’च काढला होतास.”

मास्तरांसमोर! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी तोंड उघडणार होते, पण उघडून बोलणार काय? मला तरी कुठे खात्री होती? मी पुनःपुन्हा तो दिवस आठवून बघितला. टेबल, काच, दूध, काडी. त्यापुढे धुकं. रात्रंदिवस तेच. कढीला फोडणी देताना वाटायचं, छे, गळ्याला आपण हातच लावला नाही. कढी उकळेपर्यंत वाटायचं, लावला असेल बाई. माणूस दुसऱ्याशी भांडू शकतं, स्वतःच्या हाताशी कसं भांडणार?

घरात अबोला धरला यांनी. जेवताना पान पुढे ओढायचे आणि भिंतीकडे बघून जेवायचे. मास्तरांचं येणं थांबलं. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मी भाजी वाढता वाढता म्हणून गेले, “हो. चुकला असेल माझा हात.”

म्हटलं, विषय संपेल. संपला कसला! दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर टेबल मोकळं. पेन्सिली, चाकू, टर्पेंटाइनची बाटली, भिंग, सगळं यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. म्हणाले, “लग्नसराई तोंडावर आलीय. नवऱ्या मुलींचे चेहरे आहेत. आता टचिंग मी करीन. तू नको हात लावू.”

मी जिन्यात बसून रडले. खोटं कशाला सांगू? चुलीपाशी रडायची सवय असते बाईला, तिथे धुराचा आडोसा असतो. मी जिन्यात रडले, कारण वर जायचं नव्हतं नि खाली जावंसं वाटत नव्हतं.

यांचं टचिंग म्हणजे काय विचारू नका. ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचा उकडलेला बटाटा व्हायला लागला. आणि पाखराचंही तसंच. मास्तर पुन्हा यायला लागले होते, त्यांच्या सांगण्यावरून यांनी त्या गळ्यावर शिसाचे थरावर थर चढवले आणि तो फिका केला. छापून आलं तेव्हा पाखराने घसा बसल्यावर गुंडाळावा तसा पंचा गुंडाळलेला वाटत होता. मास्तरांना मात्र तो पसंत पडला. मुंबईला धाडायच्या आधी त्यांना त्याच्या शेजारी नराचाही फोटो हवा होता, म्हणजे जोडी पुरी होईल आणि कुणाला बोलायला जागा उरणार नाही.

त्यासाठी मास्तरांनी एक पाखरं धरणारा गाठला. मैंदर्गीकडचा माणूस, अर्धं कानडी नि अर्धं मराठी बोलायचा. त्याची धरायची रीत ऐकून मी चाट पडले. एक पाखरू पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचं. ते घुमायला लागलं की दुसरं भांडायला धावून येतं आणि जाळ्यात सापडतं. त्याने बांबूचा गोल पिंजरा आणला, त्यावरचं फडकं काढलं, आणि पहिल्यांदा मी ते पाखरू नीट पाहिलं. मूठभर जीव. पाठीवर वाळल्या गवताची नक्षी. गळा काळाभोर. माझ्याकडे असं रोखून बघत होतं की जणू मीच त्याचा गळा काळा केला आहे.

“नर हाय,” तो म्हणाला. “कालच धरलाय. लई भांडखोर.”

“नर कशावरून?” मी विचारलं. माझा राग अजून जिथल्या तिथे होता.

“भांडतोय की! मादी कुटं भांडती, अव्वा?”

“तू आमच्या पेठेतल्या नळावर आलेला दिसत नाहीस कधी.”

तो हसला. मास्तरही हसले. हे हसले नाहीत, कपाटाच्या किल्ल्या चाचपत राहिले. त्या दिवशी पुन्हा ढग आले, फोटो निघेना. पिंजरा उद्यापर्यंत आमच्याकडेच ठेवायचं ठरलं. मी त्यात बाजरी टाकली, वाटीत पाणी ठेवलं, मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ ओढली. संध्याकाळभर ते पाखरू पिंजऱ्यात गरागरा फिरत होतं. मी त्याला म्हटलं, “तुझ्यापायी माझं टेबल गेलं हो, मेल्या.”

सकाळी माडी झाडायला गेले. फडकं उचललं. पाखरू एका बाजूला फुगून बसलं होतं, आणि बाजरीच्या दाण्यांमध्ये एक अंडं होतं.

मी झाडू टाकून तशीच बघत राहिले. बोराएवढं. ठिपक्याठिपक्यांचं. माळावरच्या त्या तिघांचं सख्खं भावंड. किती वेळ मला अर्थच लागेना. नर. काळा गळा. अंडं. मी एकेक शब्द उचलून बघितला आणि परत खाली ठेवला. मग जिन्यातून अशी ओरडले की हे दाढीचा साबण तोंडावर घेऊनच वर आले.

यांनीही पाहिलं. धोतराच्या सोग्याने साबण पुसला आणि मास्तरांना बोलवायला स्वतः गेले.

मास्तर आले, त्यांच्यामागून थोड्या वेळाने तो मैंदर्गीकरही आला. सगळे पिंजऱ्याभोवती उकिडवे बसले. मास्तरांनी अंडं हातात घेतलं, उजेडात धरलं, फिरवलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“नर अंडं घालील का?” ते पुटपुटले.

“न्हाय, न्हाय,” पाखरंवाला म्हणाला. “नरच हाय त्यो. आमी सगळी भांडणाऱ्याला नरच म्हन्तो.” मग त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. “बाईनं ठिवलं असंल की. गंमत म्हनून.”

आणि मास्तर, इतका भला माणूस, तेही हळूच म्हणाले, “वहिनी, त्या दिवशी घरट्यापाशी तुम्हीही होतात. एखादं अंडं… म्हणजे, रागाच्या भरात माणूस करतं असं. चेष्टा तर नाही ना?”

पुन्हा मीच! काचेवर खरवडलं तर मी, पिंजऱ्यात अंडं निघालं तर मी. आता काय पाखराच्या पोटातही मीच जाऊन आले? ओठांशी आलं होतं, “हो, मीच ठेवलं, झालं समाधान?” खरंच आलं होतं. एकदा हो म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

तेवढ्यात हे माझ्याकडे वळले. कानामागे साबण तसाच वाळलेला. म्हणाले, “तू ठेवलंस?”

“नाही.”

“मग नाही,” हे मास्तरांना म्हणाले. “तिने नाही ठेवलं.”

एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. पण मास्तरांनी अंडं जपून बाजरीत ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग त्यांचं त्यांनीच जुळवायला सुरुवात केली, तुकडा तुकडा, मध्येच अडखळत. ही काळ्या गळ्याची, हीच मादी. घुमते ही, भांडते ही. त्या दिवशी ती घरट्यात आली ती अंडं घालायला, नि कॅमेऱ्याने तिलाच धरलं. म्हणजे फोटो खरा. मग पुढे आठवडाभर ताकासारख्या गळ्याचं कोण बसलं होतं? “म्हणजे तो बाप!” मास्तर उठून उभे राहिले. “आई अंडी घालून निघून जाते, आणि बाप बसतो! रोज मी बापाला माय म्हणत होतो!”

“आमच्यात असलं काही चालायचं नाही,” मी यांच्याकडे बघून म्हटलं. मास्तर इतक्या दिवसांनी मोठ्याने हसले. पाखरंवाल्याला मात्र काही पटलं नाही. तो मान हलवत पिंजरा उचलायला लागला, तेव्हा मास्तरांनी त्याचा हात धरला, आणि ते दोघं पाखराला माळावर सोडायला गेले. अंडं मास्तरांनी रुमालात नेलं. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

ते गेल्यावर हे कपाटापाशी गेले. कुलूप काढलं. पेन्सिली, चाकू, भिंग, बाटली, सगळं आणून टेबलावर होतं तसं मांडलं. चाकू उजवीकडे, पेन्सिली डावीकडे. म्हणजे कुठे काय असतं ते यांना ठाऊक होतं. मग पाखराची काच आणून ठेवली आणि स्टुलावर बसले.

“तू खरवडला नव्हतास तर हो का म्हणालीस?”

या प्रश्नाची मला चीड आली. अजून येते. इतक्या दिवसांचा राग सगळा एकदम गळ्याशी आला, आणि बोलले ते मात्र अगदी हळू.

“तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतंत. तुम्ही सांगितलं होतंत.”

मी कापसाला टर्पेंटाइन लावलं आणि यांनी चढवलेलं शिसं पुसायला घेतलं. एक थर निघाला, दुसरा निघाला, कापूस काळा झाला. यांनी भिंग उचललं, काचेवर धरलं, आणि स्वतः न बघता माझ्या पुढे केलं.

“तुला काय दिसतंय?”

मी वाकून बघितलं. काडीची जागा खडबडीत होती, माझ्या चाकूची. गळा त्याच्यापासून मोहरीच्या दाण्याएवढा लांब, गुळगुळीत, जसा कॅमेऱ्यातून आला तसा. की मला आता तसा दिसावासा वाटत होता म्हणून दिसत होता? खरं सांगते, त्या क्षणीही मला नक्की कळलं नाही. मी तेच सांगितलं.

“गुळगुळीत वाटतोय. पण उजेड कमी आहे. ऊन येऊ दे, मग सांगते.”

“बरं,” हे म्हणाले, आणि थांबले.

दुपारी ऊन पडलं. आम्ही काच नि कागद चौकटीत घालून गच्चीवर ठेवला आणि दोघं शेजारी उकिडवे बसलो. उन्हात काचेचा जो भाग मोकळा असतो, त्याखालचा कागद सगळ्यात आधी काळा पडतो. यांनी चौकटीचं मागचं दार अर्धं उघडलं आणि मला आधी बघायला दिलं. गवत अजून उमटलं नव्हतं, अंडी उमटली नव्हती, पाखरूही नव्हतं. पांढऱ्या कागदावर नुसता तेवढा काळा गळा आला होता.